पाणी किती वाजता गेलं

८ नोव्हें. २००४, सोमवार

बत्तिसावा आठवडा. आज डॉ.बाईंकडे नंबर होता. सोबत सा.बा. हल्ली सासूबाई मला चप्पलसुद्धा एकटीला घालू देत नाहीत.

डॉ.बाई बोलतात कमी, लिहितात जास्त. पहिल्या बाळंतपणाची माहिती लिहून घेत होत्या. 'जिवंत अपत्ये' या रकान्यात शून्य घातलं. कागद त्यांच्याकडे होता, पण मास्तरणीला उलटं वाचता येतंच.

मग विचारलं, "त्या वेळी कळा सुरू व्हायच्या किती तास आधी पाणी गेलं होतं?"

सा.बा. शेजारच्याच खुर्चीवर, पदर सावरत.

मी म्हणाले, "कळांबरोबरच."

त्यांनी ते लिहून घेतलं. पेनने.

नंतर एक तपासणी सांगितली. छत्तिसाव्या आठवड्यात कापसाच्या काडीने खालून नमुना घ्यायचा. काही बायकांच्या अंगात एक जंतू राहतो म्हणे. बाईला काही त्रास नाही. खाज नाही, ताप नाही, तिला पत्ताच नसतो. पण बाळ बाहेर येताना त्याला लागला तर पहिल्या एक-दोन दिवसांत... इथे त्या थांबल्या, माझ्याकडे बघून. नमुन्यात तो सापडला तर कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं. बाळ व्हायच्या आधी निदान चार तास तरी अंगात गेलेलं पाहिजे. "नाशिकमध्ये फार कोणी करत नाही अजून. मी करते."

मी विचारलं, पहिल्याला हेच झालं होतं का?

"त्याचं रक्त तपासलं नव्हतं कोणी. आता नाही सांगता येणार."

येताना रिक्षात सा.बा. म्हणाल्या, "तिकडल्या दवाखान्यात हात तरी धुतले असतील का कोणी? तुझ्या आईला म्हटलं होतं मी, नाशकातच ठेवू पोरीला." पाच वर्षांत हे वाक्य मला पाठ झालंय. मी रस्त्याकडे बघत बसले.

१० नोव्हें.

दिवाळीची सुट्टी. वर्ग नाही, पाढे नाहीत, डोकं मोकळं, म्हणून भीतीला जागा भरपूर. आज लिहूनच टाकते. ह्यांनी ही वही कधी उघडलेली नाही. पाटबंधारे खात्यातला माणूस, दिवसभर फायली वाचून घरी आल्यावर पेपरसुद्धा नको म्हणतो.

मे ९९. पहिलं बाळंतपण, म्हणून रिवाजाप्रमाणे माहेरी, कळवणजवळ. नववा लागलेला. धाकट्या भावाची हळद. घर पाव्हण्यांनी भरलेलं. दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते आणि एकदम परकर ओला झाला. कळ नाही, काही नाही. मला वाटलं, लघवी सुटली. इतक्या बायका बसलेल्या, समोर आत्या, मामी, नवरीकडची माणसं. लाजेने मेल्यासारखं झालं. सूप मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले थोडा वेळ, मग भिंतीच्या कडेने मागे गेले. परकर धुतला, मागच्या दोरीवर टाकला, दुसरा नेसले. संध्याकाळपर्यंत थेंब थेंब चालूच होतं. आत घड्या ठेवत राहिले. कोणाला म्हणून सांगितलं नाही. भावाची हळद, माझ्या पायी धावाधाव कशाला.

दुसऱ्या दिवशी लग्न. दिवसभर मांडवात. संध्याकाळी कळा. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झाला. डॉक्टरांनी तिथेही विचारलं होतं, पाणी कधी गेलं. मी म्हटलं, आत्ताच.

दीड दिवस छान होता. दूध ओढत होता. मग ओढेना. अंग गार लागायला लागलं. कण्हायचा, प्रत्येक श्वासाला, म्हाताऱ्या माणसासारखा. जीप करून नाशिककडे निघालो. आईच्या मांडीवर तो. वणी गेलं. दिंडोरीच्या अलीकडे कण्हणं थांबलं आणि मला बरं वाटलं. वाटलं, झोपला.

नंतर सगळ्यांनी शोधलं, चूक कोणाची. सा.बां.नी ती आईच्या पदरात टाकली. आणि मी टाकू दिली. आई एका शब्दाने बोलली नाही. त्यानंतर ती या घराचा उंबरा चढलेली नाही.

बस. हात दुखला.

१७ नोव्हें.

समोरच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "वणीला गडावर जाऊन ओटी बोल. माझ्या भावजयीला तिसरं जगलं ते तिथलंच." सा.बा. आतून म्हणाल्या, "आपल्यात नवस नाय. डॉक्टर हाय, औषध हाय, बास." काकू गेल्यावर भिंतीवरच्या फोटोला हात जोडून मेणबत्ती लावली आणि मला म्हणाल्या, "घाबरतीस का गं? शिकलेली ना तू?"

शिकलेली माणसं जास्त घाबरतात, हे त्यांना कोण सांगणार. आणि खरं सांगू, काकू बोलत होत्या तेव्हा मनात मी ओटी बोलूनही टाकली होती. नंतर लाज वाटली.

२२ नोव्हें.

आईचा फोन, कळवणच्या बूथवरून. सा.बां.नी उचलला. "बरी हाय. झोपलीय." मी मटार सोलत बसले होते, तीन फुटांवर. सा.बा. वाईट नाहीत. माझे पाय चेपतात, नाचणीची पेज स्वतः करतात. पण आईचं नाव निघालं की ओठ मिटतात.

उठून रिसीव्हर घ्यायला हवा होता. नाही घेतला. आई काय विचारणार, पाणी तर जात नाही ना, असं काहीतरी. मग मी काय सांगू?

२७ नोव्हें.

शाळा सुरू. तिसरीचे छप्पन्न नग. रजा बाळानंतर वापरायची म्हणून अजून जाते आहे. पोरं माझ्या पोटाकडे बघून आपापसात हसतात. एकाने विचारलं, "बाई, बाळ आतमधे ऐकतं का?" म्हटलं, ऐकतं. "मग त्याला पाढे येतील." खूप दिवसांनी हसले.

घरी येऊन बसले की पुन्हा तेच. तपासणी पुढच्या शुक्रवारी. जंतू निघाला तर? निघाला तर सिद्धच झालं की. दवाखाना नाही, आई नाही, जीप नाही. माझ्यातच होता. सा.बा. रिपोर्ट हातात घेऊन ह्यांच्याकडून वाचून घेणार. त्यांच्या तोंडाकडे मला बघवणार नाही.

बाळासाठी भ्यायला हवं. मी रिपोर्टला भितेय. कसली आई मी?

२८ नोव्हें., रविवार

कपाटात ह्यांच्या दाढेच्या वेळच्या कॅप्सूल सापडल्या. उन्हाळ्यात दाढ सुजली होती तेव्हाच्या. दोन दिवसांत बरं वाटलं आणि ह्यांनी बंद केल्या. अकरा शिल्लक. नाव वाचलं. डॉ.बाईंच्या इंजेक्शनच्या कुळातलंच वाटतंय. तेच औषध, फक्त तोंडाने.

आधीच घेऊन टाकलं तर जंतू आधीच मरेल. बाळाचं भलं, रिपोर्टही स्वच्छ. यात वाईट काय आहे?

एक घेतली.

१ डिसें.

दहा झाल्या. उद्याला एक उरली. पोट जरा बिघडलंय. सा.बा. म्हणतात, शाळेत काहीबाही खाल्लंस. हो म्हटलं.

३ डिसें., शुक्रवार

नमुना घेतला. दोन मिनिटांचं काम. डॉ.बाईंनी काडी नळीत घालून वर माझं नाव लिहिलं. विचारलं, "गेल्या काही दिवसांत काही औषधं? तापाची, सर्दीची, कसलीही?"

"नाही."

पडदा होता, पण सा.बा. पडद्याच्या पलीकडेच होत्या. हे कारण लिहिलं खरं, पण त्या नसत्या तरी मी सांगितलं असतं का, माहीत नाही. वर्गात मूल खोटं बोललं की मला कानाच्या पाळीवरून कळतं. डॉ.बाईंना कळत नाही वाटतं.

६ डिसें.

सा.बा. कालच कॉलनीतल्या बायकांबरोबर दादरला गेल्या, पांढरी साडी, भाकरीचं गाठोडं. दरवर्षी मीही जाते. यंदा घरीच वंदना घेतली. हे म्हणाले, "रिपोर्ट चांगलाच येणार बघ." मी म्हटलं, हो. मला माहीतच होतं चांगला येणार.

७ डिसें.

आला. जंतूंची वाढ नाही.

ह्यांनी दारातच वाचून दाखवला. दादरहून नुकत्याच परतलेल्या सा.बा. पिशवी खाली न ठेवता ऐकत उभ्या. मग माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. संध्याकाळी पेढे. म्हणाल्या, "सुनेत काय खोट नव्हती माझ्या. मी म्हणतच होते."

म्हणजे खोट कुठे होती, ते पुन्हा एकदा ठरलं. पेढा मी ताटलीत परत ठेवला.

१० डिसें.

आज शाळेची वार्षिक तपासणी. आठ दिवस आम्ही तेच करतोय. तक्ते लावले, भिंती पुसल्या, कोण काय उत्तर देणार हे ठरवलं. दोन ढ पोरांना मीच काल म्हटलं, उद्या नाही आलात तरी चालेल. साहेब आले, खूश झाले, शेरा झकास लिहिला. साडेचारला साहेबांची जीप वळली आणि मी तक्ते उतरवून कपाटात टाकायला लागले.

हातात तक्ता धरून तशीच उभी राहिले.

मी तरी दुसरं काय केलं? साहेब येण्यापुरती पोरं घरी बसवली. उद्या ती परत येणारच आहेत.

शेख बाई चौथीच्या वर्गावर असतात, त्यांच्या मिस्टरांचं मेडिकल स्टोअर आहे. आडून विचारलं, समजा एखादीने आधी गोळ्या घेतल्या आणि मग अशी तपासणी केली तर? त्या वह्या गठ्ठ्यात बांधत होत्या. म्हणाल्या, "त्या रिपोर्टला काय अर्थ मग? आमचे हे तर ओरडतात लोकांवर. औषध दबवतं, जंतू नंतर परत येतात." मग माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या. "तू घेतल्यास?"

मी मान हलवली. पाच वर्षांत कोणापाशी कबूल केलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही अर्धीच.

"डॉक्टरांना सांग. आजच सांग. यात लाजायचं काय आहे, शोभा?"

१३ डिसें., सोमवार

मधल्या सुट्टीत शेख बाईंनी माझा वर्ग धरला, मी रिक्षाने डॉ.बाईंकडे. एकटी. सगळं मनात म्हणून ठेवलं होतं.

डॉ.बाई नाहीत. बाहेरगावी, शनिवारी येणार.

सिस्टर म्हणाल्या, रिपोर्ट तर छान आहे तुमचा, कशाला टेन्शन घेता. मी चिठ्ठी लिहिली. "मी तपासणीआधी अकरा कॅप्सूल घेतल्या होत्या. पहिल्या वेळी पाणी दीड दिवस आधी गेलं होतं. मी खोटं सांगितलं." खाली सही. पाकिटात घातली. काउंटरवरच्या मुलीने हात पुढे केला. ती आमच्याच कॉलनीतली. तिची आई आणि सा.बा. रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसतात.

चिठ्ठी परत पर्समध्ये. शनिवारी येईनच की. तारीख जानेवारीतली आहे, घाई काय.

घाई काय, असं लिहिलं आणि अंगावर काटा आला.

१६ डिसें.

झोप तुटक. दर तासाला उठून बघते, ओलं आहे का. काही नसतं. हे विचारतात काय झालं, सांगते पाय आखडला. बाळ खूप फिरतं, तेवढं बरं वाटतं. आज वर्गात पावकी म्हणवून घेताना पोटात लाथ बसली, ठेक्यात. शनिवारी सांगायचं. नक्की. चिठ्ठी पर्समध्येच आहे.

१८ डिसें., शनिवार. दवाखान्यात

मुलगी. दुपारी २.५०. अडीच किलोला थोडी कमी. रडली. लिहवत नाही. उद्या.

१९ डिसें., रविवार

ती शेजारी झोपली आहे. एक डोळा तिच्यावर ठेवून लिहिते आहे.

शनिवारची सकाळची शाळा. आठ वाजून दहा मिनिटांनी, फळ्यावर तारीख लिहीत असताना, पाणी गेलं. या वेळी ओळखायला चूक झाली नाही. साडी, फरशी, सगळं. छप्पन्न पोरं बघताहेत. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमची बाटली सांडली." मी दारात जाऊन ओरडले, "शेख बाई, माझं पाणी गेलं!" सगळ्या शाळेने ऐकलं. ऐकू दे. घड्याळ बघितलं आणि हातावर पेनने लिहिलं, ८.१०.

शेख बाईंनी रिक्षात घालून आणलं. पावणेनऊला आम्ही इथे. मला टेकवून त्या शाळेत परतल्या, दोन वर्ग उघडे होते. जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "सांग हं." सव्वानऊला सा.बा. आणि हे आले. डॉ.बाई गावाहून निघाल्यात, वाटेत आहेत. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर, मिशी नुकती आलेली. फाइल चाळली. म्हणाला, "कल्चर निगेटिव्ह आहे. मग अँटिबायोटिकची गरज नाही. वाट बघू."

साडेनऊ वाजले होते. सा.बा. उशाशी, माझ्या केसांतून हात फिरवत.

मी बोलले नाही.

हे मला लिहायलाच हवं. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर साडेनऊला इंजेक्शन लागलं असतं. मी समोरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिले. डॉ.बाई येतील, त्यांच्या कानात सांगीन, असं म्हणत. दहा. कळा. सव्वादहा. सा.बा. म्हणत होत्या, "जोरात श्वास घे, काय होत नाय, तुझा रिपोर्ट चांगला हाय." साडेदहा. अकरा. बाळ खाली सरकतंय असं सिस्टर म्हणाली, आणि मला एकदम ते कण्हणं ऐकू आलं. खरं कोणी कण्हत नव्हतं. दिंडोरीच्या अलीकडचं ते.

मी ओरडले. "डॉक्टरांना बोलवा. तो रिपोर्ट खोटा आहे. मी आधी औषध खाल्लं होतं."

तो मुलगा धावत आला. मी सगळं बोलले. अकरा कॅप्सूल. मग, थांबताच येईना, हळद, परकर, दोरी, मांडव, दीड दिवस. "आईने काही केलं नव्हतं. मी लपवलं होतं. मी." पर्समधून चिठ्ठी काढायला लावली, वाचा म्हटलं.

सा.बां.चा हात माझ्या केसांत होता. तो काढून घेतला त्यांनी. हळूच, झटका न देता. त्याचंच जास्त लागलं.

डॉक्टरने डॉ.बाईंना मोबाईलवर गाठलं, दोन मिनिटं बोलला, "हो मॅडम, हो मॅडम." हातावर टोचून रिअॅक्शन बघितली, त्यात पंधरा मिनिटं. मग शिरेतून. ११.२५. मी तेही हातावर लिहिलं, ८.१० च्या खाली.

त्यानंतर मी काय केलं असेल तर बाळाला थांबवत होते. सिस्टर म्हणे जोर करा, मी जोर धरून ठेवत होते. साडेतीनला हो, म्हटलं तिला. साडेतीनला ये. ती कुठली ऐकतेय. २.५०.

चार तासांना पस्तीस मिनिटं कमी.

डॉ.बाई शेवटच्या वीस मिनिटांत पोचल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काही नसण्यापेक्षा हे खूप आहे. पण पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. अठ्ठेचाळीस तास बघू. रक्त पाठवलंय." मग सांगितलं काय बघायचं. झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजायचे. साठच्या वर गेले तर हाक मारायची. कण्हली, दूध ओढेनाशी झाली, अंग गार लागलं, तर लगेच.

म्हणजे उद्या दुपारी २.५०.

सा.बा. कालपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. घरीही गेलेल्या नाहीत. ह्यांचं मनगटी घड्याळ मागून घेतलं आणि पाळण्याशी स्टुलावर बसल्या आहेत. सेकंदकाट्याकडे बघत ओठ हलवतात. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, पण आकडेमोडीत आम्हा दोघांना ऐकत नाहीत. दर तासाला आकडा म्हणतात, मला नाही, भिंतीला. "अठ्ठेचाळीस." "एक्कावन्न." मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते.

संध्याकाळी हे निघाले. कुठे, विचारलं तर म्हणाले, "कळवणला. आईने सांगितलंय." कोणत्या आईने, हे कळायला मला क्षणभर लागलं. मग रडले.

२० डिसें., सोमवार

स. ८. पन्नास. दूध ओढलं, पण लवकर सोडलं. झोप आली होती म्हणून की... सिस्टर म्हणाली असं करतात मुलं. तोही असाच लवकर सोडायला लागला होता.

स. १०. चोपन्न. अंग गरम आहे. मी पाच वेळा हात लावला, सिस्टर म्हणाली तुमचेच हात गार आहेत. रक्ताच्या कल्चरचा पहिला निरोप दुपारनंतर येणार.

दु. १२. बावन्न. मी हे सगळे आकडे एकाखाली एक लिहून बघते, चढताहेत की उतरताहेत. कधी असं वाटतं, कधी तसं.

१२.४० ला आई आली. ह्यांच्या मागून, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, पदर डोक्यावर घट्ट. दारातच थांबली. पाच वर्षांत म्हातारी झाली आहे. सा.बा. स्टुलावरून उठल्या नाहीत. आई माझ्या पायथ्याशी टेकली.

मला वाटलं होतं हळूहळू सांगीन. नाही जमलं. "आई, त्या हळदीच्या दिवशी माझं पाणी गेलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

आई डब्याच्या झाकणाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मला ठाव हाय."

"काय?"

"मागल्या दोरीवर परकर पाह्यला मी. हळदीच्या दिवशी, भर दुपारी, कोण परकर धुतं? आन हिथून तिथवर ओला माग होता ओसरीवर, तोही मीच पुसला. मनात आलं इचारावं. मग म्हणलं, नवरीकडची माणसं बसल्यात, लगीन उद्यावर, पोर सांगंल आपणहून." तिने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "तू न्हाय सांगितलं. मी न्हाय इचारलं. तवा ह्या बोलल्या त्यात खोटं काय व्हतं? मी न्हायच राखलं त्याला."

पाच वर्षं. मला वाटत होतं ती माझ्या वाटणीचं सोसते आहे. ती स्वतःचंच सोसत होती. मला तिचा रागही आला. आला, खोटं कशाला लिहू. एक शब्द विचारला असतास तर. आणि लगेच वाटलं, एक शब्द सांगितला असता तर. हे उगाच खिडकी उघडायला गेले.

सा.बा. पाळण्याकडेच बघत होत्या. ऐकत होत्या सगळं. थोड्या वेळाने घड्याळ धरलेला हात आईपुढे केला.

"या हिकडं, इहीनबाई. बसा. डोळं दुखलं माझं. काटा बारावर आला की धरायचं, परत बारावर आला की सोडायचं. साठाच्या वर गेलं तर बोंब ठोका."

उठल्या, आईला स्टूल दिलं. स्वतः तिच्या मागे उभ्या राहिल्या. जाता जाता माझी चादर नीट केली. माझ्याकडे बघितलं नाही अजून. ते आज होईलसं नाही.

दोन वाजले. आईची बोटं पाळण्याच्या कडेवर. पोरीची छाती वर-खाली होतेय, वर-खाली, मध्येच थांबल्यासारखी, पुन्हा. सा.बा. आईच्या खांद्यावरून वाकून बघताहेत. दोघींचे ओठ एकदम हलताहेत. पन्नास मिनिटं उरली. खाली लॅबचा निरोप आला का ते बघायला हे गेलेत.

आईने मान वर केली. "अठ्ठावन्न."

"परत मोजा," सा.बा. म्हणाल्या.